एक नोंद, एकच जागा : रुग्णालयातील तक्त्यांची सूत्रांनी जोडणी

सन्माननीय सभासद, देणगीदार आणि हितचिंतक यांच्या हाती दरवर्षी हा अहवाल देताना त्याच्या शेवटच्या पानांवर आम्ही अनेक आकडे छापीत असतो. वर्षभरात किती रुग्ण दाखल झाले, त्यांपैकी निर्धन किती, दुर्बल घटकांतील किती, निर्धन रुग्ण निधीत किती रक्कम जमा झाली आणि त्यातून किती खर्ची पडली, ही सर्व माहिती तेथे चार-पाच ओळींत मावते. परंतु या ओळी ज्या असंख्य नोंदींतून तयार होतात त्या नोंदी एकमेकींशी कशा जोडलेल्या असतात, याविषयी सविस्तर लिहिण्याचा योग आजवर आला नव्हता. आमच्या कार्यालयाला भेट देणारे देणगीदार आणि जिल्ह्यातील अन्य सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते याबाबत आवर्जून विचारणा करीत असतात. त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. संगणकाचे विशेष ज्ञान नसलेल्या वाचकालाही तो समजावा, असा आमचा प्रयत्न आहे.

विषय वरकरणी रुक्ष वाटेल; परंतु गरीब रुग्णाला त्याच्या हक्काची खाट आणि सवलत मिळणे बऱ्याच अंशी याच जोडणीवर अवलंबून असते, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

कायद्याने घातलेली जबाबदारी

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशानुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांसाठी एक योजना लागू झाली. तीनुसार अशा रुग्णालयाने आपल्या एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्ण वगळता अन्य सर्व रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के इतकी रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची आणि त्या निधीतून गरजू रुग्णांच्या उपचारांचा खर्च भागवावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. तातडीच्या प्रसंगी आलेल्या रुग्णास अनामत रक्कम न मागता दाखल करून घेऊन जीवरक्षक उपचार देणे हेही या योजनेत अंतर्भूत आहे. या सर्वांचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास वेळोवेळी सादर करावा लागतो.

वाचकांच्या लक्षात येईल की, या एका हिशेबासाठी चार निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकत्र यावी लागते. रुग्णाचे उत्पन्न समाजसेवा अधीक्षकांकडे नोंदविलेले असते, दाखल झाल्याची तारीख व खाट आंतररुग्ण विभागाकडे असते, देयक लेखा विभागाकडे असते आणि औषधांचा खर्च औषध भांडाराकडे असतो. या चार नोंदी जुळल्या नाहीत, तर निधीत नेमकी किती रक्कम शिल्लक आहे हे महिनाअखेरपर्यंत कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. आणि ते सांगता आले नाही की, राधानगरीहून वा चंदगडहून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकास खिडकीवर "थोडे थांबा, विचारून सांगतो" असे उत्तर मिळते. हे उत्तर देण्याची वेळ येऊ नये, यासाठी ही सारी खटपट.

एकाच मोठ्या तक्त्याची अडचण

संगणकावर हिशेब ठेवू लागलेली बहुतेक कार्यालये प्रारंभी एकच मोठा तक्ता करतात. एका ओळीत रुग्णाचे नाव, वय, गाव, तालुका, उत्पन्न, दाखल तारीख, डॉक्टरांचे नाव, शस्त्रक्रिया, दर, देयक, भरलेली रक्कम असे वीस-पंचवीस रकाने असतात. पहिले काही दिवस हे सोयीचे वाटते. पुढे तोच रुग्ण दुसऱ्यांदा दाखल होतो, तेव्हा त्याचे नाव, गाव, उत्पन्न पुन्हा लिहावे लागते. एका वेळी गाव 'कसबा बावडा' असे लिहिले जाते, दुसऱ्या वेळी 'क. बावडा', तर तिसऱ्या वेळी नुसते 'बावडा'. माणसाला या तिन्हींचा अर्थ एकच असल्याचे कळते. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती तीन वेगळी गावे ठरतात. त्यातही गगनबावड्याहून आलेल्या रुग्णाच्या गावासमोर कोणी घाईत 'बावडा' लिहिले, तर कोणते गाव अभिप्रेत होते हे माणसालाही सांगता येणार नाही.

याहून गंभीर अडचण दुरुस्तीच्या वेळी येते. रुग्णाने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणून दिला की त्याचे उत्पन्न तक्त्यात बदलावे लागते. त्याच्या पाच ओळी असतील, तर पाचही ठिकाणी बदल करावा लागेल. चार ठिकाणी झाला आणि एका ठिकाणी राहिला, तर तोच मनुष्य एका देयकात निर्धन आणि दुसऱ्या देयकात सर्वसाधारण ठरतो. एक गोष्ट अनेक ठिकाणी लिहिली की त्या सर्व प्रती कायम एकसारख्या राहतील याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही.

रोजकीर्द आणि खतावणीचा धडा

या अडचणीवरचा उपाय आपल्याकडील जुन्या हिशेबनीसांना चांगला ठाऊक होता. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात भरभराटीस आलेल्या शाहूपुरीतील गुळाच्या अडतीवर ज्यांनी पूर्वीच्या वह्या पाहिल्या असतील, त्यांना रोजकीर्द आणि खतावणी या दोन शब्दांचा परिचय असेल. दिवसभराचे व्यवहार क्रमाने रोजकीर्दीत लिहावयाचे, नंतर प्रत्येक व्यवहार खतावणीतील ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवावयाचा आणि रोजकीर्दीतील नोंदीसमोर खतावणीचे पान लिहून ठेवावयाचे, अशी ती पद्धत होती. खातेदाराचा पत्ता वा त्याची मागील बाकी रोजकीर्दीत पुन्हा लिहिण्याचे कारण पडत नसे. पानाचा क्रमांक पाहून हवे ते खाते काढता येई. शेवटी तेरीज मांडून दोन्ही बाजूंचा ताळा घेतला जाई.

आज आम्ही संगणकावर जे करतो ते तत्त्वतः हेच आहे. माहितीचे परस्परसंबद्ध तक्ते करून ते समान क्रमांकांनी जोडावेत, हा विचार एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. ओळी-रकान्यांच्या कागदावर सूत्रे लिहिण्याची सोय १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' या प्रणालीने घरगुती संगणकावर आणली. पुढे एक्सेल आले, गूगल शीट्स आले, विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस आले. अलीकडे एअरटेबल, कोडा यांसारख्या अ‍ॅपमध्ये तक्त्यांचे नाते सांगण्याची सोय मुळातच दिलेली असते. साधने बदलली तरी त्यांमागील नियम एकच आहे : प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहावी आणि अन्यत्र तिचा केवळ क्रमांक द्यावा.

आमचे पाच तक्ते

आमच्या नोंदींची मांडणी पाच मुख्य तक्त्यांत आहे. प्रत्येक तक्त्याची एक ओळ म्हणजे काय, हे आधी ठरविलेले असते आणि त्या व्याख्येत न बसणारी माहिती त्या तक्त्यात घेतली जात नाही.

पहिला रुग्ण तक्ता. याची एक ओळ म्हणजे एक मनुष्य. नाव, जन्मवर्ष, गाव आणि तालुका एवढेच रकाने त्यात असतात. तो रुग्ण दहा वेळा आला तरी येथे त्याची ओळ एकच असते.

दुसरा दाखल तक्ता. याची एक ओळ म्हणजे रुग्णालयातील एक वास्तव्य. दाखल क्रमांक, रुग्ण क्रमांक, दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख, खाट आणि त्या वेळी सादर केलेला उत्पन्नाचा पुरावा यात असतो. उत्पन्न रुग्ण तक्त्यात न ठेवता येथे ठेवण्याचे कारण असे की, ते काळानुसार बदलते आणि सवलत ठरते ती त्या वास्तव्यापुरती.

तिसरा देयक तक्ता. याची एक ओळ म्हणजे देयकातील एक बाब. दाखल क्रमांक, सेवेचा संकेतांक, तारीख आणि नग असे याचे स्वरूप असते. एका वास्तव्याच्या तीस-चाळीस ओळीही होऊ शकतात.

चौथा दर तक्ता. यात प्रत्येक सेवेचा संकेतांक, नाव, दर आणि तो दर ज्या तारखेपासून लागू झाला ती तारीख असते.

पाचवा मर्यादा तक्ता. यात निर्धन आणि दुर्बल घटक यांच्या वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादा आणि त्या अंमलात आल्याच्या तारखा असतात. हा सर्वांत लहान तक्ता असून त्याच्या ओळी हाताच्या बोटांवर मोजता येतील; परंतु सवलतीचा सर्व निर्णय त्याच्यावर चालतो.

जोडणारा क्रमांक कसा असावा

दोन तक्ते जोडण्यासाठी दोहोंत समान असणारा एक रकाना लागतो. त्यासाठी नावाचा उपयोग करावा, असे कोणास वाटेल. परंतु आमच्या जिल्ह्यात एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि क्वचित वडिलांचे नावही तेच असलेले दोन पाटील सहज आढळतात. विवाहानंतर स्त्रियांची नावे बदलतात. गावांच्या नावांचीही हीच गत आहे. 'शिरोली' असे म्हटल्यास ती हातकणंगले तालुक्यातील शिरोली पुलाची की करवीर तालुक्यातील शिरोली दुमाला, हे विचारूनच घ्यावे लागते. म्हणून गावांचाही एक छोटा तक्ता केला असून तेथून नाव निवडावयाचे असते, हाताने टंकलिखित करावयाचे नसते.

रुग्णासाठी आम्ही अर्थविरहित क्रमांक वापरतो. त्यात जन्मतारीख, तालुका वा सवलतीचा प्रकार गुंफलेला नसतो. कारण जे बदलू शकते ते क्रमांकात घातले की पुढे क्रमांकच बदलण्याची पाळी येते. क्रमांकाच्या आरंभी एक अक्षर असते, उदाहरणार्थ 'रु-००४५१२'. या अक्षराचा एक व्यावहारिक लाभ आहे. नुसते '००४५१२' लिहिले तर स्प्रेडशीट आरंभीची शून्ये गाळून त्याचे '४५१२' करते आणि मग एका तक्त्यातील क्रमांक दुसऱ्यातील क्रमांकाशी जुळत नाही.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनअंतर्गत मिळणारा १४ अंकी 'आभा' क्रमांक ज्या रुग्णांपाशी असतो, त्यांचा तो क्रमांकही एका स्वतंत्र रकान्यात नोंदवावा. परंतु तो जोडणीचा एकमेव आधार करणे इष्ट नाही. अपघातात बेशुद्धावस्थेत आणलेला मनुष्य किंवा नुकतेच जन्मलेले मूल आपला क्रमांक सांगू शकत नाही, आणि नोंद तर तत्क्षणी व्हावी लागते.

सूत्रे काय करतात

तक्ते जोडणारी सूत्रे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार शोधून आणण्याचा आणि दुसरा गोळा करण्याचा.

शोधून आणणारे सूत्र अनेक ओळींकडून एका ओळीकडे जाते. दाखल तक्त्यात केवळ 'रु-००४५१२' लिहिलेले आहे आणि शेजारी गावाचे नाव दिसावयास हवे. सूत्राचा अर्थ आपल्या भाषेत असा : या ओळीतील रुग्ण क्रमांक घे, तो रुग्ण तक्त्यात शोध, आणि सापडलेल्या ओळीतील गाव येथे दाखव. एक्सेलमध्ये याकरिता 'व्हीलूकअप' हे जुने आणि 'एक्सलूकअप' हे नवे सूत्र आहे. जुन्या सूत्राबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्याला हव्या त्या रकान्याचा अनुक्रम अंकाने सांगावा लागतो. त्यामुळे मध्ये एखादा नवा रकाना घातला की ते भलतीच माहिती आणू लागते. दुसरे असे की, शेवटी 'तंतोतंत जुळणी हवी' हे स्पष्ट न सांगितल्यास ते जवळची नोंद घेऊन मोकळे होते. रुग्णाच्या बाबतीत जवळची नोंद म्हणजे दुसराच रुग्ण. नव्या सूत्रात हे दोन्ही दोष दूर केलेले आहेत.

कोडासारख्या अ‍ॅपमध्ये हे अधिक सुलभ आहे. तेथे दाखल तक्त्यातील 'रुग्ण' या रकान्यात क्रमांक लिहिण्याऐवजी रुग्ण तक्त्यातील ओळच निवडता येते आणि मग रकान्यांची नावे टिंबांनी जोडून 'रुग्ण.गाव' असे म्हटले की गाव मिळते. एका तक्त्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळीही करता येते. देयकातील एका बाबीवरून दाखल नोंद, तीवरून रुग्ण आणि त्यावरून तालुका, असा प्रवास एकाच सूत्रात होतो.

गोळा करणारे सूत्र उलट दिशेने, म्हणजे एका ओळीकडून अनेक ओळींकडे जाते. एका वास्तव्याचे एकूण देयक काढावयाचे, तर देयक तक्त्यातील त्या दाखल क्रमांकाच्या सर्व ओळी निवडून त्यांच्या रकमांची बेरीज करावी लागते. 'समइफ्स' हे सूत्र अशी बेरीज करते आणि 'काउंटइफ्स' मोजदाद करते.

या दोन प्रकारांतून निधीचा हिशेब कसा होतो, हे एका काल्पनिक महिन्यावरून पाहू. शोधणाऱ्या सूत्राने प्रत्येक देयकासमोर रुग्णाचा वर्ग आला. गोळा करणाऱ्या सूत्राने सर्वसाधारण रुग्णांची एकूण देयके ४०,००,००० रुपये झाली. त्यांचे २ टक्के, म्हणजे ८०,००० रुपये निधीत जमा. त्याच महिन्यात निर्धन रुग्णांच्या उपचारांचे ६५,००० आणि दुर्बल घटकांतील रुग्णांना दिलेल्या सवलतीचे २७,००० रुपये निधीला खर्ची पडले. एकूण खर्च ९२,०००, म्हणजे १२,००० रुपयांची तूट. तक्ते जोडलेले असतील, तर ही तूट महिन्याच्या पंधराव्या-विसाव्या दिवशीच दिसू लागते. मग उरलेल्या दिवसांत येणाऱ्या रुग्णांसाठी देणगीदारांकडे शब्द टाकता येतो. जोडलेले नसतील, तर ती महिना उलटल्यावर कळते आणि तोवर जे घडावयाचे ते घडून गेलेले असते.

तारखेचे भान

जोडलेल्या तक्त्यांचा एक गुण हाच प्रसंगी दोष होतो. एका जागी बदल केला की तो सर्वत्र दिसतो. रुग्णाच्या नावातील अशुद्धलेखन सुधारताना हे हवेच असते. परंतु दर आणि मर्यादा यांच्या बाबतीत तसे होता कामा नये.

२००६ मध्ये योजना आली तेव्हा निर्धन रुग्णासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २५,००० रुपये आणि दुर्बल घटकांसाठी ५०,००० रुपये होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवून अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपयांपर्यंत नेण्यात आली. आता अशी कल्पना करा की, मर्यादा एकाच घरात लिहिलेली असून नवा आदेश येताच तो आकडा खोडून नवा लिहिला. त्या क्षणी मागील सर्व वर्षांच्या नोंदींतील १,२०,००० रुपये उत्पन्नाचे रुग्ण निर्धन ठरतील, जुने अहवाल बदलतील आणि लेखापरीक्षकांना दिलेले आकडे संगणकातील आकड्यांशी जुळणार नाहीत.

यावर उपाय असा की, जुनी ओळ खोडावयाची नाही. तिच्याखाली नवी ओळ तारखेसह लिहावयाची. मग सूत्राला सांगावयाचे की, दाखल तारखेस किंवा तिच्यापूर्वी लागू झालेल्या ओळींपैकी सर्वांत अलीकडची ओळ घे. वर ज्या 'जवळच्या जुळणी'पासून सावध राहण्यास सांगितले, तिचा योग्य उपयोग येथे होतो. तीच रीत दर तक्त्यास लागू आहे. दर वाढले तरी गतवर्षीची देयके गतवर्षीच्या दरानेच दिसली पाहिजेत.

योजनांच्या नावांबाबतही हे भान ठेवावे लागते. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर विस्तारली आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू लागली. ज्यांनी प्रत्येक ओळीत योजनेचे पूर्ण नाव लिहिले असेल, त्यांच्या नोंदींत एकाच परंपरेच्या दोन योजना दिसतील. ज्यांनी संकेतांक लिहून नाव स्वतंत्र तक्त्यात ठेवले, त्यांना तेथे एक ओळ वाढविणे पुरेसे होते.

दोष कोठे दडतात

जोडणीतील दोष सहसा उघड दिसत नाहीत. संगणक आकडा दाखवितो आणि तो अचूकच असणार, असा आपला समज होतो. म्हणून काही सावधगिरीच्या गोष्टी येथे नमूद करतो.

शोधणाऱ्या सूत्राला नोंद सापडली नाही की ते चूक दर्शविणारे चिन्ह दाखविते. ते डोळ्यांना खुपते म्हणून अनेक जण त्या जागी शून्य दिसेल अशी व्यवस्था करतात. हे सर्वांत घातक होय. कारण शून्य बेरजेत मुकाट्याने मिसळते आणि ज्याची नोंद सापडली नाही तो रुग्ण हिशेबातून नाहीसा होतो. आम्ही त्या जागी 'नोंद सापडली नाही' असे शब्द येऊ देतो आणि असे शब्द किती ओळींत आले याची मोजदाद तक्त्याच्या माथ्यावर ठेवतो. ती शून्य असल्याखेरीज महिन्याचा अहवाल बाहेर जात नाही.

दुसरा दोष दुहेरी मोजणीचा. एका वास्तव्याच्या देयकात ६,०००, ३,००० आणि १,००० रुपयांच्या तीन बाबी आहेत; एकूण १०,०००. त्याच्या दोन पावत्या आहेत, ४,००० आणि ६,०००, एकूण तेवढीच. कोणी या दोन्ही तक्त्यांच्या ओळी दाखल क्रमांकाच्या आधारे एकमेकींसमोर मांडल्या, तर प्रत्येक बाबीसमोर प्रत्येक पावती येऊन सहा ओळी होतात. मग देयकाची बेरीज २०,००० आणि पावत्यांची ३०,००० दिसते. म्हणून दोन्ही तक्त्यांची बेरीज आधी दाखल क्रमांकापर्यंत स्वतंत्रपणे आणावी आणि नंतरच त्या शेजारी ठेवाव्यात.

तिसरा दोष लिपीचा, आणि तो मराठी कार्यालयांना विशेष भोवतो. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले 'कागल' आणि युनिकोडमधील 'कागल' पडद्यावर सारखे दिसले तरी संगणकाच्या पोटात निरनिराळ्या चिन्हांनी साठविलेले असतात. ते कधीही जुळत नाहीत. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा किंवा मजकूर म्हणून साठविलेला अंक यांमुळेही जुळणी फसते. जुन्या याद्या नव्या तक्त्यात घेण्यापूर्वी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे अपरिहार्य आहे.

चौथा दोष रोगनिदानाच्या शब्दांचा. मधुमेह, डायबेटिस, शुगर हे शब्द एकाच आजारासाठी लिहिले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत प्रकार दोनच्या मधुमेहास 'ई ११' हा संकेतांक आहे. दाखल तक्त्यात संकेतांक आणि स्वतंत्र तक्त्यात त्याची प्रचलित नावे, अशी मांडणी केली की वर्षाअखेरीस कोणत्या तालुक्यातून कोणत्या आजाराचे किती रुग्ण आले, हे सांगता येते.

साधनाच्या क्षमतेचेही भान असावे. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत कोविडची लागण झालेल्या १५,८४१ व्यक्तींच्या नोंदी काही दिवस राष्ट्रीय आकडेवारीत आल्याच नाहीत. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात आणि त्यापलीकडील नोंदी गळून पडल्या होत्या. त्या व्यक्तींच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर सूचना देणे त्यामुळे लांबले. नव्या प्रकारच्या फाइलीत ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. तरीही नोंदी लाखांच्या घरात जाऊ लागल्या की स्प्रेडशीट सोडून खऱ्या माहितीसाठा प्रणालीकडे वळावे, हे उत्तम. तक्ते प्रारंभापासून नीट वेगळे आणि क्रमांकांनी जोडलेले असतील, तर असे स्थलांतर फारसे जड जात नाही.

या सर्वांवर अखेरचा पहारा म्हणजे जुन्या हिशेबनीसांचा ताळा. निर्धन, दुर्बल आणि सर्वसाधारण या तीन वर्गांच्या देयकांची बेरीज ही देयक तक्त्याच्या एकूण बेरजेइतकी असलीच पाहिजे. एका रुपयाचाही फरक आला, तर कोठेतरी एखादी ओळ जोडणीतून सुटली आहे असे समजावे आणि ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

गोपनीयता आणि सुरक्षितता

वेगळे तक्ते ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. निधीचा हिशेब करणाऱ्या लिपिकास रक्कम आणि वर्ग समजला पाहिजे. रुग्णाचे नाव आणि आजार समजण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे येणाऱ्या तक्त्यात केवळ क्रमांक असतात. रुग्ण तक्ता उघडण्याचा अधिकार मोजक्याच व्यक्तींना दिलेला असतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. परंतु रुग्णाची लाज राखणे हा वैद्यकसेवेचा धर्म त्याहून पुष्कळ जुना आहे.

नोंदींची एक प्रत रुग्णालयाबाहेर असणेही अगत्याचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पंचगंगेच्या पुराचे पाणी शहरात कोठवर आले होते, हे कोल्हापूरकरांस सांगावयास नको. कागदाच्या वह्या आणि संगणक दोन्ही पाण्यापुढे सारखेच हतबल असतात.

छोट्या संस्थांसाठी

ज्या संस्था अशी व्यवस्था नव्याने सुरू करू इच्छितात, त्यांना आमची सूचना आहे की प्रारंभ केवळ दोन तक्त्यांपासून करावा. एक मनुष्यांचा आणि दुसरा त्यांच्या भेटींचा. दोहोंत क्रमांक द्यावा, एक शोधणारे आणि एक गोळा करणारे सूत्र लिहावे, आणि महिनाभर हाताने केलेल्या बेरजेशी ते ताडून पाहावे. ताळा जमला की तिसरा तक्ता जोडावा. महागडी प्रणाली विकत घेण्यापूर्वी ही शिस्त अंगी बाणली, तर पुढील खर्च सत्कारणी लागतो. आमची तक्त्यांची रिकामी मांडणी, रुग्णांची कोणतीही माहिती न देता, जिल्ह्यातील सेवाभावी संस्थांना दाखविण्यास आमचा नोंद विभाग सदैव तयार आहे.

नोंद विभागातील कर्मचारी, समाजसेवा अधीक्षक आणि लेखा विभाग हे तीन विभाग एकाच क्रमांकावर विश्वास ठेवून काम करतात, म्हणून हे साध्य होते. त्यांचे काम रुग्णांच्या नजरेस पडत नाही. खिडकीवर आलेल्या नातेवाइकास "आपल्या रुग्णासाठी खाट आहे, निधीत रक्कमही आहे, दाखल करून घेऊ" असे काही मिनिटांत सांगता येते, तेव्हा त्यामागे याच मंडळींचे दैनंदिन श्रम असतात. या अहवालाच्या शेवटी छापलेले आकडे वाचताना ते कोठून आले हे आता आपणांस ठाऊक आहे. त्यांविषयी काही शंका असल्यास कार्यालयीन वेळेत अवश्य येऊन विचारावी, ही नम्र विनंती.